साउथ शील्ड्सचा पायगुण

लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि माझे सासरे गेले. सकाळी दाढी करताना कोसळले आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. तेराव्याच्या दिवशी स्वयंपाकघरात ह्यांच्या एक काकू कणीक तिंबता तिंबता म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची आली हो घरात." हळू आवाजात वगैरे नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी तिथेच हातभर अंतरावर काकडी चिरत बसले होते. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि मला काकूंच्या बोलण्यापेक्षा त्यांचं गप्प राहणंच जास्त लागलं.

मी काही अडाणी नव्हते. नागपुरात बी.एस्सी. केलं होतं, पुढे टोरांटोत निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवलं. एकापाठोपाठ एक घडलेल्या दोन गोष्टींपैकी पहिलीमुळे दुसरी झाली असं समजू नये, हे मी पोरांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. पण कुणाच्या नव्या घराच्या दाराशी आले की माझे पाय जागच्या जागी थांबतात. कुणीतरी आधी आत जावं, मग मी जाईन, असं हे पन्नास वर्षं चाललंय. कुणाची वास्तुशांत असो की बाळंतिणीला भेटायला जायचं असो, मी गाडीतून डबा काढायचं निमित्त करून मागे रेंगाळते.

ह्यांनी मला त्यावरून कधी छेडलं नाही. हे फक्त पुढे व्हायचे. दार उघडलं की दोन पावलं झपझप टाकून स्वतः आत शिरायचे आणि मग वळून म्हणायचे, "ये." कॅनडातल्या लोकांना वाटायचं, डॉक्टर शिकलेले खरे, पण बायकोला मागे ठेवतात, वळण नाही. मुलीनेसुद्धा मोठी झाल्यावर एकदा त्यांना त्यावरून चांगलं झापलं. हे हसले आणि गप्प बसले. खरं कारण सांगितलं असतं तर माझी लाज गेली असती, म्हणून त्यांनी स्वतःची जाऊ दिली.

त्या विषयावर ते एकदाच बोलले, ते साउथ शील्ड्सला. साउथ शील्ड्स म्हणजे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, टाइन नदी समुद्राला मिळते तिथलं बंदर. लग्नानंतर वर्षभरात ह्यांना तिथल्या इस्पितळात नोकरी लागली आणि कॅनडाला येईपर्यंत आमचा संसार तिथेच झाला. मी नागपूरची, समुद्राशी माझी ओळख झाली ती थेट उत्तर समुद्राशी. राखाडी, थंडगार आणि कायम कुणावर तरी चिडलेला. एकमेकांना चिकटून उभी विटांची घरं, मागे बोळ, बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोऱ्या. कोळशाची गाडी बोळात शिरली की सगळ्या बायका धुतलेले कपडे वाचवायला धावायच्या, त्यांत मीही. समुद्रावरचं धुकं थेट दारापर्यंत यायचं, आणि मग दिवसभर दीपगृहाचा भोंगा घुमत राहायचा. नदीच्या पलीकडच्या काठाला जायला फेरीबोट होती. तिच्यात ह्यांच्या शेजारची जागा बरेचदा रिकामी राहायची, लोक उभे असले तरी. हे पेपर उघडून वाचत बसायचे.

समुद्रात लांबवर गेलेला एक दगडी धक्का होता, रविवारी आम्ही त्यावर फिरायला जायचो. तिथे एकदा हे मध्येच थांबून म्हणाले, "माझे वडील बीपीने गेले. औषध घेत नव्हते. तुझ्या पायाने नाही गेले."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

माहीत होतंच. माहीत असून उपयोग होत नव्हता, हे मात्र मला त्यांना सांगता आलं नाही. वारा एवढा होता की पुढचं बोलणं तसंही ऐकू आलं नसतं.

तिथल्या पहिल्याच डिसेंबरात शेजारची म्हातारी आमच्याकडे आली आणि म्हणाली, एकतीस तारखेला डॉक्टर घरी आहेत का? मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. तसं नव्हतं. नवीन वर्ष लागलं की घरात पहिलं पाऊल पडायला हवं ते काळ्या केसांच्या पुरुषाचं, अशी तिकडची रीत. त्याला फर्स्ट फुट म्हणतात. त्याने कोळसा, पाव, मीठ आणि थोडी व्हिस्की घेऊन यायचं, म्हणजे वर्षभर घरात ऊब राहते आणि कुणी उपाशी राहत नाही. पिंगट केसांचा माणूस नको. लाल केसांचा तर मुळीच नको. आणि बाई? बाईचं नाव काढल्यावर म्हातारीने नुसते डोळे मिटले. ओळीतल्या घरांमध्ये ह्यांच्याइतके काळेभोर केस कुणाचेच नव्हते, म्हणून ती आधीच येऊन डॉक्टर राखून ठेवत होती.

ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा तर पायगुण!" हे इतके हसले की चहा सांडला. मी तेवढी हसले नाही.

एकतीस तारखेला बारा वाजले तेव्हा बंदरातल्या सगळ्या बोटींनी एकदम भोंगे दिले. घोगरे, किनरे, खर्जातले, सगळे एकत्र, आणि आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. भोंगे थांबल्यावर हे शेजारच्या दारात गेले. कोळसा म्हातारीच्या हातात दिला, पाव दिला, बाटली दिली, आणि मिठाची पुडी मात्र खाली वाकून उंबऱ्यावर ठेवली. मीठ कुणाच्या हातावर दिलं की भांडण होतं, हे त्यांच्या आईने लहानपणी असं काही मुरवलं होतं की डॉक्टर होऊनही निघालं नव्हतं. म्हातारी बघतच राहिली. तिला वाटलं, ही पूर्वेकडची काही खास विद्या आहे. दुसऱ्या दिवशी ओळभर बातमी झाली आणि पुढच्या वर्षी आणखी घरांची बोलावणी आली, "आणि मीठ तसंच ठेवा हं, खाली." फेरीबोटीत शेजारी न बसणारेसुद्धा त्यांत होते. मला त्याचा राग यायचा. हे म्हणायचे, "अगं, वर्षातून एक दिवस तरी बोलावतात ना, जाऊ दे." आणि कोट चढवून निघायचे.

मी खिडकीतून बघायचे. ते गाव मला आवडायचं त्याचं एक कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे त्या दिवशी कुठल्याच बाईला आधी आत घेत नसत. माझ्या एकटीच्या पायाचा प्रश्न नव्हता. मी मागे थांबले तर कुणी "का गं?" असं विचारत नव्हतं. कॅनडाला निघालो तेव्हा मला त्या चिडक्या समुद्राचंसुद्धा वाईट वाटलं.

मग पुष्कळ वर्षं शील्ड्स विषय संपल्यासारखाच झाला. म्हातारपणी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करणं जमेना, म्हणून आम्ही मार्कहॅमचं घर विकून नॉर्थ यॉर्कच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला आलो. सामान आणलं त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एक ठेंगणी गोरी बाई ह्यांना म्हणाली, "कितवा मजला, पेट?" आम्ही दोघंही एकदम वळलो. शील्ड्समध्ये कंडक्टरपासून मासेवालीपर्यंत सगळे सगळ्यांना असंच 'पेट' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. बाई शील्ड्सच्याच निघाल्या, आमच्या जुन्या घराच्या चार गल्ल्या पलीकडच्या. आणि इथे राहायला आमच्या अगदी समोरच्या दारात. त्यांचा नवरा गोदीत वेल्डर होता, त्याच्याबरोबर त्या कॅनडाला आल्या होत्या. तो जाऊन बराच काळ लोटला होता. मूलबाळ नव्हतं. शील्ड्सला एक पुतणी तेवढी होती.

डिसेंबर आला तशी बाईंनी चाचरत विचारलं, डॉक्टर एकतीस तारखेला घरी असतात का? मला हसूच फुटलं. टोरांटोत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे बारा. पुतणी शील्ड्सला खिडकी उघडून फोन बाहेर धरायची, बंदरात असतील नसतील तेवढ्या बोटींचे भोंगे बाईंच्या फोनवर ऐकू यायचे, आणि ते थांबले की हे दार वाजवायचे. कोळसा म्हणजे बार्बेक्यूच्या पोत्यातला तुकडा. ह्यांचे केस तोवर पार पांढरे झाले होते, त्यावर बाईंनी बराच विचार करून निकाल दिला की काळी लोकरी टोपी चालेल. दर वर्षी हे ती टोपी घालून एवढासा कॉरिडॉर ओलांडायचे, पण थाट मात्र मैलभर बर्फ तुडवत आल्याचा. ते आत गेले की मागून मी. मग चीजबरोबर फ्रूटकेक खायचा, ही त्यांची आणखी एक विचित्र सवय, आणि शील्ड्सच्या गप्पा.

हे गेल्या एप्रिलमध्ये गेले. दुपारचे जेवून पडले ते उठलेच नाहीत. अजूनही लिफ्टचं दार उघडलं की मी क्षणभर बाहेर थांबते, ते आधी शिरतील म्हणून.

डिसेंबरात समोरच्या बाईंनाही धाप लागायला लागली. हृदयाची झडप बदलायची ठरली, जानेवारीतली तारीख मिळाली. बाई तशा धीट, पण या वेळी घाबरल्या होत्या. मला म्हणाल्या, "या वर्षी कुणीतरी नीट यायला हवं, पेट. एरवी चुकलं असतं तर चाललं असतं." मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, हा येईल ना. ही विल लव्ह इट." हा म्हणजे आमचा जावई.

"त्याचे केस लाल आहेत."

"सो?"

"लाल सगळ्यात वाईट."

"आई, सिरियसली? यू टॉट सायन्स!"

शेवटी नवव्या मजल्यावरचा नागपूरचा सॉफ्टवेअरवाला तयार झाला. उंच, केस काळे आणि भरपूर. "काकू, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "मी ऑफिसमधून अर्ली निघतो. कोळसा घेऊन आत जायचं, बस ना? डन."

एकतीस तारखेला दुपारपासून बर्फ पडत होता. मी ताटात कोळसा, पाव, मीठ आणि व्हिस्कीची छोटी बाटली मांडून ठेवली. पावणेसात झाले तरी त्याचा पत्ता नाही. मग फोन आला. "काकू, मी फोर-ओ-वन हायवेवर फसलो ना. पुढे ॲक्सिडेंट झाला, गाड्या हलूनच नाही राहिल्या. जीपीएस नऊ दाखवून राहिलं. सो सॉरी, काकू." त्याचा आवाज रडवेला झाला होता. मी त्याला म्हटलं, तू सावकाश ये, बाबा.

सात वाजायला आले तशी मी ताट घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. का उभी राहिले ते मलाही सांगता येणार नाही. बंद दारापलीकडे फोनवर भोंगे वाजायला लागले. पूर्वीच्या मानाने फारच थोडे, दोन नाहीतर तीन बोटी असाव्यात. ते थांबले. माझ्या आधी आत शिरणारा माणूस नव्हता. थोड्या वेळाने बाईंनी स्वतःच दार उघडलं. हातात फोन, अंगावर चांगला निळा ड्रेस, केस सेट केलेले.

"तो आला नाही?"

"बर्फात अडकलाय. नऊ वाजतील."

"मग तू ये."

मी म्हटलं, "मी बाई आहे."

"ते दिसतंय मला."

आणि मग मी त्यांना सांगितलं. पन्नास वर्षं पोटच्या मुलीला सांगितलं नव्हतं, ते हातात बार्बेक्यूचा कोळसा घेऊन, त्या गालिचा घातलेल्या कॉरिडॉरमध्ये, इंग्रजीत सांगितलं. सासरे गेले ते, काकू काय म्हणाल्या ते. आता मी विधवा, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या हिशेबी दुप्पट अपशकुनी. हे नेहमी माझ्या पुढे का घुसायचे तेही सांगितलं. आणि म्हटलं, "तुमचं ऑपरेशन आहे. मी आधी आत आले आणि काही बरंवाईट झालं, तर मला सहन होणार नाही."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, धाप लागत होती. मग म्हणाल्या, "माझा बाप मासेमारीच्या बोटीवर होता. ज्या वर्षी तो गेला, त्या वर्षी आमच्याकडे आलेला माणूस उंच होता. केस काळे, कोळसा, पाव, सगळं रीतीप्रमाणे. फेब्रुवारीत बोट परत आली नाही."

मी विचारलं, "मग तुम्ही हे दर वर्षी कशाला करता?"

"आई करत राहिली म्हणून. लोक तिला म्हणायचे, आता कशाला? ती म्हणायची, वर्ष बदलताना दार उघडलं की बाहेर कुणीतरी उभं असावं. एवढंच, पेट. कुणीतरी असावं."

"आणि जानेवारीत काही झालं तर?"

"तर मी म्हातारी आहे म्हणून होईल. त्यात तुझे पाय कुठे आणतेस? आत ये. माझी पुतणी तिकडे उघड्या खिडकीत कुडकुडतेय."

फोनमधून पुतणीचा आवाज आला, "कोण आलंय, आंटी?"

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टरांची बायको."

मी उजवं पाऊल आधी टाकलं. नवी नवरी टाकते तसं, आपोआप. ताटातली बाटली किणकिणत होती. आत नेहमीचंच घर होतं, हीटरचा वास होता, केक कापून ठेवला होता. बाईंनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाल्या, "बस आता, पडशील." आम्ही दोघींनी औषधासारखी थोडी थोडी व्हिस्की घेतली. नऊ वाजता नागपूरकर आला, बुटांवरचा बर्फ झटकत, माफी मागत. बाईंनी त्याच्या केसांचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्याला केकचा मोठा तुकडा दिला.

जानेवारीत त्यांना ॲडमिट केलं तेव्हा मी बरोबर गेले. त्यांनी घराची जादा किल्ली माझ्याकडे देऊन ठेवली होती. ऑपरेशन नीट झालं. मी रोज जायचे. बाई नर्सना माझी ओळख करून द्यायच्या, "ही माझी फर्स्ट फुट." नर्स हसायच्या, त्यांना काही कळायचं नाही. घरी सोडायच्या आदल्या दिवशी पहाटे बाई गेल्या. म्हाताऱ्या माणसाचं हृदय, थांबलं, असं मला सांगितलं.

मी घरी येऊन पुतणीला फोन केला. ती रडली, मी रडले. तिला यायला दोन-तीन दिवस लागणार होते. म्हणाली, तेवढं आत जाऊन फ्रिज बघाल का, झाडांना पाणी घालाल का. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि मला ज्याची भीती होती तो आवाज आलाच. कणीक तिंबणारा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी ओट्याशी उभी होते. इतक्या वर्षांत मी त्या आवाजाला कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी मोठ्यांदा म्हटलं, "काकू, पुरे आता. बाई म्हाताऱ्या होत्या. दार उघडलं तेव्हा बाहेर मी होते."

किल्ली घेतली, समोरचं दार उघडलं आणि आत गेले. फ्रिजपाशी पोचल्यावर लक्षात आलं की मी दारात थांबले नव्हते, आणि माझ्या पुढे कुणी गेलंही नव्हतं. मग बाईंच्या खुर्चीत बसले आणि एप्रिलपासून पहिल्यांदा, ह्यांच्यासाठी पोटभर रडून घेतलं.